मुक्काम आधी, मजल मागाहून

काशीस दशाश्वमेध घाटावरून गंगा डाव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे चालू लागले, की प्रथम अहिल्याबाई घाट लागतो आणि त्याला लागूनच मुन्शी घाट येतो. वाचकहो, आपण काशीयात्रा केली असेल तर या पायऱ्यांवरून आपण बहुधा गेला असाल. घाटाचे नाव मात्र ध्यानात राहिले नसेल. चुनारच्या दगडाचा तो उंच, खांबांचा वाडा पाहून यात्रेकरू क्षणभर मान वर करतो आणि पुढे जातो. या घाटाचा संबंध आपल्या नागपूरशी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातील मंत्री श्रीधर मुन्शी यांनी तो बांधविला व त्यांचेच नाव त्याला राहिले. पुढे १९१५ साली दरभंग्याच्या महाराजांनी यातील काही भाग विकत घेतला, म्हणून शेजारच्या भागाला दरभंगा घाट म्हणतात. त्या वाड्यात आता हॉटेल आहे.

गेल्या फेब्रुवारीत एका पहाटे आम्ही याच पायऱ्यांवर बसून जंगलात जाण्याचा बेत करीत होतो. तीर्थाच्या ठिकाणी बसून वाघ पाहण्याच्या गोष्टी कराव्यात, हे कित्येकांना विचित्र वाटेल. परंतु काशीहून नागपूरकडे येणारा रस्ताच असा आहे, की तो मध्य भारतातील उत्तमोत्तम अरण्यांच्या कडेकडेने येतो. २०१० पूर्वी वाराणसी ते कन्याकुमारी अशा २,३६९ किलोमीटरच्या ज्या मार्गाला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणत, त्याचा हा उत्तरेकडील भाग. त्यापूर्वी इंग्रजी अमदानीत मिर्झापूर ते नागपूर या सडकेस ग्रेट डेक्कन रोड असे नाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरच्या बाजारात जाई आणि आपल्याकडील यात्रेकरूही याच बाजूने काशीस जात. १८७० साली मुंबई ते कलकत्ता ही आगगाडी जबलपूरमार्गे सुरू झाली, तेव्हा पायी आणि गाडीने जाणाऱ्यांची ही वाट ओस पडू लागली.

आमच्याबरोबर आमची आई होती. वय अडुसष्ट, गुडघे दुखरे. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची. आईला काशी पाहावयाची होती, मुलांना वाघ. पूर्वी अशा वेळी घरात दोन तट पडत आणि शेवटी कोणीतरी मागे राही. या वेळी आम्ही नागपूरहून एक कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, चालकासह भाड्याने घेतली आणि ठरविले, की आधी काशी, मग वाघ. जाताना जंगलाजवळून सरळ जावयाचे व परतताना पेंचच्या राष्ट्रीय उद्यानात थांबावयाचे. या परतीच्या प्रवासात आम्ही जे चुकलो आणि जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवीत आहोत. कारण असा बेत आज पुष्कळ कुटुंबांच्या मनात आहे आणि आमच्या चुका आपणही कराव्यात, असे आम्हांस वाटत नाही.

जुन्या यात्रेकरूंचे गणित

आपल्या भाषेत 'मजल दरमजल करीत' असा शब्दप्रयोग आहे. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. ही चाल किती, हे बैलांच्या शक्तीवर ठरे, पण त्याहूनही अधिक ती मुक्कामाच्या जागेवर ठरे. पाणी कोठे आहे, चारा कोठे मिळेल, रात्री उतरण्यास निर्धास्त जागा कोणती, हे आधी विचारावयाचे. मग दोन मुक्कामांमध्ये जे अंतर पडेल ते चालावयाचे. कोठे सहा कोस, कोठे चार. अंतर अधिक कापता येईल म्हणून कोणी मुक्काम ओलांडून पुढे जात नसे.

याला कारणही तसेच होते. जबलपूर आणि कटनी यांच्या दरम्यान याच रस्त्यावर स्लीमनाबाद नावाचे गाव आहे. ज्या विल्यम स्लीमनने १८३० नंतरच्या वर्षांत ठगांचा बंदोबस्त केला, त्याच्या नावावरून हे नाव पडले. ठग यात्रेकरूंच्या मेळ्यात गोडीने मिसळत आणि उतारूंच्या गळ्याला रुमालाचा फास लावीत. अशा काळात रात्रीच्या मुक्कामाची निवड हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

आज ठग नाहीत आणि रस्ता काळाभोर, गुळगुळीत आहे. म्हणून आपण अंतरापासून आरंभ करतो. दूरध्वनीवरचा नकाशा सांगतो, इतके किलोमीटर, इतके तास. आपण तेवढे तास मोजतो आणि झोपण्याची जागा शेवटी शोधतो. आमच्या साऱ्या चुकीचे मूळ येथे होते.

चाकांवरचे घर म्हणजे काय

या वाहनाची हौस पाश्चात्त्य देशांत जुनी आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातील एका निवृत्त डॉक्टरांनी १८८५ साली घोड्यांनी ओढावयाचे एक सुरेख लाकडी घर बांधवून घेतले, त्याचे नाव 'वाँडरर' ठेवले आणि त्यात राहून इंग्लंडपासून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. केवळ सहलीसाठी बांधलेली अशी ही पहिली गाडी मानली जाते. आपल्या यात्रेकरूंच्या छत असलेल्या बैलगाड्याही एका परीने चाकांवरची घरेच होती. फक्त त्यांना तसे कोणी म्हटले नाही.

आजच्या कॅराव्हॅनमध्ये चार-सहा माणसांच्या निजण्याची सोय, लहानसा ओटा, पाण्याची टाकी, विजेच्या बॅटऱ्या आणि शौचकूप असते. भारताच्या मोटार-वाहन नियमांत हा एक स्वतंत्र वर्ग आहे व त्याच्या रचनेसाठी एआयएस-१२४ या नावाचे मानक ठरलेले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. केरळ राज्यानेही त्याच वर्षी आपले धोरण आणले. तेव्हा गाडी भाड्याने घेताना ती या वर्गात नोंदलेली आहे काय, विमा व परवाना चालू आहे काय, आणि दुसऱ्या राज्यात जाण्याचा कर भरला आहे काय, हे कागद स्वतः डोळ्यांखालून घालावेत.

या वाहनाचा खरा लाभ कोणता, हे आम्हांस आईमुळे कळले. लांबच्या प्रवासाचे नाव काढले की ती पाणी पिणे कमी करी. वाटेत स्त्रियांसाठी स्वच्छ जागा मिळेल की नाही, याची धास्ती तिला इतकी, की सहा तास ती घोटभर पाण्यावर काढी. घरोघरच्या किती आया, आज्या आणि गरोदर लेकीसुना हेच करीत असतील! गाडीत आपली स्वतःची सोय आहे म्हटल्यावर या प्रवासात ती मोकळेपणी पाणी प्याली. कॅराव्हॅनचे भाडे पाहून तिला चैन म्हणणाऱ्यांनी ही गोष्टही हिशेबात धरावी.

मात्र दोन मर्यादा आरंभीच ओळखाव्यात. पहिली, हे घर सर्वत्र जात नाही. मुन्शी घाटाच्या गल्लीत तर हातगाडीदेखील अंग चोरून जाते. आम्ही गाडी शहराबाहेर महामार्गालगतच्या एका निवासगृहाच्या आवारात उभी केली, ई-रिक्षाने गोदौलियापर्यंत आलो आणि तेथून आईला धरून हळूहळू पायी गेलो. दुसरी, हे घर राष्ट्रीय उद्यानातही जात नाही. अमेरिकेत यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान १८७२ साली स्थापन झाले आणि तेथे १९१५ पासून मोटारींना प्रवेश आहे. आज अशा मोठ्या गाड्यांसाठी तेथे आतच मुक्कामाची मैदाने आखलेली आहेत. ती चित्रे पाहून आपल्याकडेही तसेच असेल, असा समज करून घेऊ नये. आपल्या व्याघ्र प्रकल्पांत पाहुण्यांची फेरी उद्यानाकडे नोंदलेल्या उघड्या जीपगाडीतून व वाटाड्याला बरोबर घेऊनच करावयाची असते. चाकांवरचे घर फाटकाबाहेर, उद्यानाच्या हद्दीपासून दूर, एखाद्या निवासगृहाच्या परवानगीने त्याच्या आवारातच ठेवावे लागते.

कोणते उद्यान, कोणता महिना

या रस्त्याला लागून निवड मोठी आहे. सतना बाजूने पन्ना, कटनीहून बांधवगड, जबलपूरहून कान्हा आणि शिवनीच्या पुढे पेंच. कान्हा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान जे ताडोबा, तेही त्याच वर्षीचे. पन्न्याची कथा तर प्रत्येक मुलाला सांगण्यासारखी आहे. २००९ पर्यंत तेथील वाघ पार नाहीसे झाले होते. त्याच वर्षी दुसऱ्या उद्यानांतून वाघ आणून सोडण्यास आरंभ झाला आणि आज तेथे पुन्हा वाघांची वस्ती आहे. आम्ही पेंच निवडले, कारण ते महामार्गापासून फार आडबाजूस नाही. खवासा या गावाहून तुरियाचे फाटक सुमारे बारा किलोमीटर. रडयार्ड किपलिंगच्या १८९४ च्या 'जंगल बुक'मधील मोगलीचे रान ते हेच शिवनीचे, हे मुलांना ठाऊक होते, हे दुसरे कारण.

ऋतूचे म्हणाल, तर मध्य प्रदेशातील ही उद्याने पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, बंद असतात. बुधवारी दुपारची फेरीही नसते. एप्रिल-मे मध्ये पाणवठ्यांवर जनावरे अधिक दिसतात हे खरे. परंतु पत्र्याच्या घरात वृद्धांना व मुलांना त्या दिवसांत ठेवणे बरे नव्हे. फेब्रुवारी व मार्चचा पूर्वार्ध हा कुटुंबासाठी मध्यम मार्ग. रात्री गारवा असतो, पळस फुललेला असतो आणि साग पानगळीला लागल्यामुळे झाडीत नजर लांबवर जाते.

फेरीच्या जागा मोजक्या असतात व त्यांची नोंदणी शासनाच्या संकेतस्थळावर पुष्कळ आधी करावी लागते. नोंदणी करताना जे ओळखपत्र दाखविले असेल, तेच मूळ स्वरूपात फाटकावर दाखवावयाचे असते. म्हणून सर्वांत आधी फेरीचा दिवस मिळवावा आणि त्या दिवसापासून मागे मुक्काम मोजीत यावे. येथपर्यंत आमचे बरोबर होते.

गाडीची तयारी

प्रवासाच्या आदल्या दिवशी गाडी दारात उभी करून तीत एक रात्र निजावे, असा आमचा आग्रहाचा सल्ला आहे. आम्ही तसे केले नाही, आणि पहिल्याच मुक्कामी ओट्याखालची नळी गळत असल्याचे कळले. अर्धी टाकी वाटेत सांडली होती. एका रात्रीत नळ, दिवे, पंखे, दारांच्या कड्या सर्वांची परीक्षा होते आणि कोणी कोठे निजावे, हा वादही घरीच मिटतो.

पुढील गोष्टी घरातील प्रत्येकाने समजून घ्याव्यात. गाडी चालू असताना सर्वांनी आसनावर पट्टा बांधून बसावे. पलंगावर कोणी निजू नये, चहाही करू नये. निघण्यापूर्वी गॅसची टाकी बंद केल्याची खात्री एकाच माणसाने रोज करावी. निजताना झडपा थोड्या उघड्या ठेवाव्यात आणि बंद गाडीत शेगडी पेटवून ऊब घेण्याचा मोह कधीही करू नये. त्या धुराने झोपेतच प्राण जातात. जड सामान खाली व मध्यभागी ठेवावे. गाडीची उंची चालकासमोर मोठ्या आकड्यांत चिकटवावी, म्हणजे कमानी व लोंबत्या तारा यांची आठवण राहते. आणि सर्वांत महत्त्वाचे, शौचकूपाची टाकी मुक्कामाच्या ठिकाणी मैला सोडण्याची योग्य व्यवस्था असेल तेथेच रिकामी करावी. रस्त्याकडेच्या नाल्यात ती मोकळी करणे म्हणजे पुढच्या गावाच्या विहिरीत घाण टाकणे होय. गंगेत नुकतेच स्नान करून आलेल्या माणसाला हे निराळे सांगावयास नको.

काशी ते शिवनी

निघण्याच्या दिवशी पहाटे आईने मुन्शी घाटावर स्नान केले. काशीस गेले म्हणजे आवडीची एखादी वस्तू सोडून यावी, अशी आपल्याकडील जुन्या माणसांची रीत आहे. आईने पेरू सोडला. तिने मुलांना विचारले, "तुम्ही काय सोडता?" मुलाने बराच विचार करून भोपळा सोडला, तो त्याला मुळीच आवडत नाही. सगळे हसले. आम्हांस विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, "आई, दहा वाजत आले, आधी निघू या."

आमचा बेत दोन दिवसांचा होता. पहिल्या दिवशी वाराणसी ते कटनी, सुमारे ३९० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी कटनी ते तुरिया, सुमारे तीनशे. तिसऱ्या दिवशी सकाळची फेरी. कागदावर हे सहज बसत होते. मोटारीला जेथे पाच तास लागतात तेथे या गाडीला सात धरावे लागतात, हे आम्ही धरले नव्हते.

विश्वसुंदरी पुलावरून गंगा ओलांडून, रामनगर व चुनारवरून मिर्झापूरला यावे. चुनारचा किल्ला गंगेच्या काठी उभा आहे आणि मुन्शी घाटावरच्या वाड्याचा दगड याच भागातला, हे सांगितल्यावर मुलांनी खिडकीशी गर्दी केली. मिर्झापूरच्या पुढे ड्रमंडगंजचा घाट लागतो. गंगेचे सपाट खोरे येथे संपते आणि रस्ता विंध्याच्या पठारावर चढतो. मालमोटारींची रहदारी येथे दाट असते. त्या दिवशी वर एक मालमोटार आडवी झाली होती. आमची गाडी रांगेत चार तास उभी राहिली. त्या चार तासांत आईने ओट्यावर खिचडी केली आणि पुढेमागे अडकलेल्या दोन गाड्यांतील लहान मुलांनाही दिली. घर बरोबर असण्याचे सुख असे. पण दिवस मावळला आणि कटनी राहिली बाजूला, आम्ही रात्री नऊला कसेबसे रिव्याला पोहोचलो.

रिव्यात एक पूर्ण दिवस काढावा, असे आता वाटते. १९५१ साली महाराज मार्तंडसिंह यांनी जवळच्या रानात एक पांढरा बछडा पकडला आणि त्याचे नाव मोहन ठेवले. जगातील अनेक प्राणिसंग्रहालयांतील पांढऱ्या वाघांचा वंश त्याच्यापासून चालत आला. सतन्याकडे जाताना मुकुंदपूर येथे २०१६ पासून पांढऱ्या वाघांचे संग्रहालय आहे. ज्या मुलांना जंगलात वाघ दिसण्याची खात्री देता येत नाही, त्यांच्यासाठी हे ठिकाण सोयीचे. आम्ही मात्र घड्याळाकडे पाहून तसेच पुढे निघालो. मैहर आले आणि गेले. स्लीमनाबाद आले आणि गेले. जबलपूरला भेडाघाटचा धबधबा पाहावयाचा राहिला. नर्मदेला आईने पुलावरूनच हात जोडले. शिवनीत शिरलो तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि बाहेर पूर्ण अंधार होता.

शिवनीची रात्र

तुरियाचे फाटक अजून सुमारे पासष्ट किलोमीटर होते. सकाळी सहाच्या सुमारास फाटक उघडणार, परवाने खिशात, पैसे भरलेले. चालक म्हणाला, दीड-दोन तासांत पोहोचवतो. मुले तर उड्या मारीत होती. आम्हीही 'चला' म्हणणार होतो.

आईने विचारले, "पुढचा रस्ता कशातून जातो?"

"कुरईच्या जंगलातून."

"मग रात्री त्यातून कशाला जायचं? आपण इथंच उतरू."

वाचकहो, शिवनीच्या दक्षिणेचा हा रस्ता पेंच आणि कान्हा या दोन उद्यानांना जोडणाऱ्या रानातून जातो. वाघ, बिबटे, गवे, हरणे एका उद्यानातून दुसऱ्याकडे याच पट्ट्यातून ये-जा करतात. रस्ता रुंद करावयाचा की रान राखावयाचे, हा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला आणि अखेर रस्ता झाला तो प्राण्यांसाठी खालून वाटा ठेवूनच. महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ वाटा आहेत आणि त्यांतील सर्वांत लांब वाटेवरचा पूल ७५० मीटरचा आहे. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींच्या रानटी जनावरांची ये-जा टिपली गेली; त्यांत वाघही होते. मध्य प्रदेशच्या बाजूस रस्त्याच्या कडेला आवाज व उजेड अडविणाऱ्या भिंतीही उभारल्या आहेत. परंतु सारा रस्ता काही पुलांवरून जात नाही आणि आत फुटणाऱ्या बारीक रस्त्यांवर तर काहीच आडोसा नसतो. दिव्यांच्या झोतात हरीण जागीच खिळते. आमच्यासारखी जड गाडी एकदम थांबत नाही. थांबविली तर आत निजलेली, बसलेली माणसे फेकली जातात.

पूर्वी या रानातून रात्री जाण्याची भीती यात्रेकरूला वाटे. आता ही भीती रानाला आपल्यापासून आहे. दोन्ही काळांत शहाणपण एकच, की अंधार पडण्यापूर्वी उतरावे.

पहाटे निघावे असा विचारही झाला; पण सहाला पोहोचण्यासाठी चारला निघावे लागले असते, म्हणजे अंधार तोच. आम्ही शिवनीतच राहिलो. सकाळची फेरी गेली आणि तिचे पैसेही गेले. मुलगा रात्री कोणाशी बोलला नाही. काशीत आम्ही काही सोडले नव्हते, ते शिवनीत सोडावे लागले.

तुरियाचे फाटक

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर कुरईचा घाट उतरलो. पळस पेटल्यासारखा फुलला होता आणि पांढऱ्या सालीचे कुलूचे वृक्ष निष्पर्ण उभे होते. फाटकावर चौकशी केली तेव्हा दुपारच्या फेरीत एका जीपमध्ये दोन जागा मोकळ्या असल्याचे कळले. माणसे आम्ही पाच.

कोणी जावे? आम्ही मुलांची नावे पुढे केली. मुलगा, जो रात्रभर रुसून होता, म्हणाला, "आजी आणि ताई जाऊ देत. आजी परत येणार नाही, मी येईन." नऊ वर्षांच्या बहिणीला तो लाडाने ताई म्हणतो. आई नको नको म्हणत असताना त्यानेच तिला हाताला धरून जीपमध्ये चढविले.

सूर्यास्ताच्या सुमारास जीप परतली. वाघ दिसला नव्हता. गव्यांचा कळप, सांबर, असंख्य चितळे आणि ओल्या मातीत उमटलेला वाघाचा ताजा ठसा, एवढे पाहून दोघी आल्या. मुलगी हाताचा पंजा पसरून ठसा केवढा होता ते दाखवीत राहिली. आई म्हणाली, "जीपला दार नाही, छप्पर नाही, पण भीती म्हणून वाटली नाही. सगळे किती हळू बोलत होते!" मग तिने मुलाला जवळ बसवून, कोणते जनावर कोठे उभे होते, ते एकेक करून सांगितले. तो ऐकत राहिला. त्या रात्री निवासगृहाच्या आवारात गाडीचे सारे दिवे मालवून आम्ही आकाश पाहिले. पेंचच्या महाराष्ट्रातील भागाला २०२४ साली भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क', म्हणजे कृत्रिम उजेडापासून राखलेले आकाश, असा मान मिळाला, तो का, हे त्या रात्री समजले.

आपला बेत आपण असा करा

पुन्हा हा प्रवास करावयाचा झाला, तर आम्ही त्याला पाच दिवस देऊ. पहिला दिवस वाराणसी ते रिवा, सुमारे २४० किलोमीटर, आणि निघणे पहाटेच, स्नान आदल्या दिवशी. दुसरा दिवस रिव्यातच, पांढऱ्या वाघांसाठी. तिसरा रिवा ते जबलपूर, सुमारे २३५. चौथा जबलपूर ते तुरिया, सुमारे २१०, आणि दुपारी चारच्या आत मुक्काम. पाचव्या दिवशी सकाळची फेरी. रिव्याचा दिवस हा पाहण्यासाठी आहे, पण तो राखीवही आहे. घाटात अडकलात तर तोच खर्ची पडेल, फेरीचा दिवस नव्हे. तुरियाहून नागपूर मग अर्ध्या दिवसाच्या आतले.

आपण इंदूरला असाल किंवा बडोद्याला, बेळगावला, हैदराबादला, भिलाईला. आपल्या गावाजवळचे उद्यान दुसरे असेल. बेळगावकरांना दांडेलीचे रान जवळ, हैदराबादकरांना ताडोबा, बडोदेकरांना गीर. रीत मात्र हीच चालेल. प्रथम फेरीचा दिवस निश्चित करा. मग मागे येत येत प्रत्येक रात्रीचा मुक्काम दूरध्वनीवरून पक्का करा. गाडी उभी करण्यास जागा, पिण्याचे पाणी, मैला सोडण्याची सोय आणि जवळचे रुग्णालय, या चार गोष्टी तेथे आहेत काय, ते विचारा. दोन मुक्कामांतील अंतर उजेडात सावकाश कापता येत नसेल, तर मधे आणखी एक मुक्काम घाला. एक दिवस राखीव ठेवा. किलोमीटर शेवटी मोजा.

आणि घरातील वडीलधाऱ्यांना हा बेत आधी वाचून दाखवा. त्यांना नकाशा कदाचित कळणार नाही, पण मुक्काम कोठे असावा, हे त्यांना आपल्याहून अधिक कळते. आमच्या घरी तो कागद आता आईच्या हाती आहे. पुढच्या वर्षी मुलाला पेंचला न्यावयाचे आहे आणि मुक्काम तीच ठरविणार आहे.